यांगझुमला उंची लागली

दिंगबोचेच्या यांगझुमला उंची लागली, ही बातमी खोऱ्यात पसरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. वर गोरक्षेपपासून खाली लुक्लापर्यंत याक हाकणाऱ्यांनी, भारवाल्यांनी आणि लॉज चालवणाऱ्या बायकांनी ती मिटक्या मारत एकमेकांना सांगितली. त्यांना तरी नावं कशाला ठेवा? विरळ हवेने डोकं धरलेल्या, पाय भरकटलेल्या दुसऱ्यांना जन्मभर ‘तुला उंची लागलीय, गुमान खाली जा’ म्हणून दटावणाऱ्या बाईलाच उंची लागावी, याहून चविष्ट बातमी त्या हंगामात दुसरी नव्हती.

यांगझुम मूळची पांगबोचेची. तिथून अडीच तास चढून आलं की दिंगबोचे लागतं. पांगबोचेकरांची उन्हाळी शेतं तिथे आहेत. लहानपणी ती जवाला पाणी सोडायला आणि बटाटे खणायला यायची. लग्नानंतर सासरच्या दगडी खोपटात चार बाकं टाकून तिने चहा विकायला सुरुवात केली. आज तिथे अकरा खोल्या आहेत, काचेच्या भिंतींचं जेवणघर आहे आणि मधोमध शेणीवर पेटणारी लोखंडी शेगडी आहे. नवरा वर्षातले आठ महिने याकांमागे असतो आणि उरलेले चार महिने याकांबद्दल बोलतो. लॉज तिचंच.

बेस कॅम्पला जाणारे हजारो पाय तिच्या दारावरून गेले. ती स्वतः तिथे दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन. “काय आहे तिथे?” असं एखाद्या पाहुण्याने उत्साहाने विचारलं, की ती म्हणायची, “दगड, बर्फ आणि खोकणारी माणसं. खोकणारी माणसं तर माझ्या घरीही आहेत.”

तोंडाची अशी फटकळ. पण उंची लागलेला माणूस ती अचूक ओळखायची, आणि त्याची तिची एक पद्धत होती. संध्याकाळी पाहुणे शेगडीभोवती टेकले की ती उकडलेल्या बारक्या बटाट्यांची परात सालांसकट मध्ये ठेवायची, शेजारी मिरची-मिठाची वाटी. “आमच्यात हातानेच सोलून खातात,” असं सांगायची. पाहुणे खूश. फोटो काढायचे. यांगझुम कोपऱ्यात बसून कोबी चिरायची आणि सगळ्यांची बोटं बघायची. ज्याची साल गरासकट तुकड्यातुकड्यांनी निघते, जो सोललेला बटाटा सालांच्या ढिगात टाकतो आणि साल तोंडात घालतो, जो एकच बटाटा हातात धरून त्याच्याकडे बघत बसतो, त्याच्या वाटाड्याला ती आत बोलवायची.

“तो निळ्या टोपीवाला. त्याला उद्या वर नेऊ नकोस.”

“दिदी, आत्ताच बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून पाहिलाय. आकडा ठीक आहे.”

“चिमट्याला विचारलंस. आता बटाट्याला विचार.”

बटाटा सहसा चुकत नसे. वाटाडे कुरकुरायचे, पण ऐकायचे. ऐकलं नाही तर यांगझुम पाहुण्यासमोर बोलायची आणि मग त्या वाटाड्याची उरलेली वाट अवघड जायची. ही बातमी पसरली त्याच ऑक्टोबरात, काही दिवस आधी, छुल्दिमवर ती वेळ आली होती. छुल्दिम सोलूकडचा शेर्पा, तिशीचा, चलाख, इंग्रजी फाडफाड बोलणारा. त्याच्या गटातल्या एका शिक्षकाने सालं खाल्ली आणि छुल्दिमने ती हसण्यावारी नेली. तेव्हा यांगझुम भर जेवणघरात म्हणाली, “छुल्दिम, तुझ्या तोंडावर डोळे आहेत की जॅकेटची बटणं? हा माणूस परवा तुझ्याच पाठीवर खाली येणार आहे. आजच आण, तेवढंच तुझं ओझं हलकं.” शिक्षक खाली गेला आणि वाचला. छुल्दिमची अब्रू मात्र वाचली नाही. त्याने ते मनात ठेवलं.

एक गोष्ट मात्र यांगझुमही कधी बोलत नसे. उंची लागते ती पाहुण्यांना. फार तर खालून आलेल्या राई-तमांग भारवाल्यांना. शेर्पाला उंची लागत नाही, असं इथे प्रत्येक जण आईच्या दुधाबरोबर शिकतो. कोणाचं डोकं धरलं तर तो ‘काल छांग जास्त झाली’ म्हणून घरच्या दारूवर ढकलतो. कोणी उलटी केली तर कालचं मांस बाधलं म्हणतो. एकदोघे तसे गेलेसुद्धा, आणि मागे राहिलेल्यांनी ‘काळीज बंद पडलं’ असं सांगितलं. यांगझुमला खरं काय ते कळायचं. पण परातीभोवती बसलेल्या आपल्या माणसांच्या बोटांकडे ती बघायचीच नाही. बघितलं तर बोलावं लागेल, आणि बोललं तर तो माणूस पुन्हा तिच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही.

आणि अशातच तिचा थोरला भाऊ अमेरिकेहून आला.

ओंगचू तेविसाव्या वर्षी गेला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये तो पंचवीस वर्षं टॅक्सी चालवत होता. दुपारी तो दिंगबोचेच्या दगडी कुंपणांमधून आला तेव्हा यांगझुम अंगणात शेणी थापत होती. शेणाच्या हातांनी तिला त्याला मिठीही मारता येईना. मग ती नुसतीच रडली आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“कधी निघालास?”

“परवा लुक्लाला उतरलो. त्याच दिवशी नामचे. काल पांगबोचे, आपल्या घरी झोपलो. आज इथे.”

यांगझुमने मनात दिवस मोजले. पाहुण्यांना ती एवढ्या अंतराला सहा दिवस लावायला सांगते. “फार पळत आलास, दाजू.”

“मग काय? मी काय कुइरे आहे?” ओंगचू मोठ्याने म्हणाला. कुइरे म्हणजे गोरे पाहुणे. ओट्यावर चहा पीत बसलेले वाटाडे खो खो हसले. एक जण म्हणाला, “अमेरिकेचं पाणी प्यायलेत, तरी पाय पांगबोचेचेच आहेत हो!” ओंगचूने हसत त्यांना हात केला. त्याचे ओठ जांभळट दिसत होते. यांगझुम मनाशी म्हणाली, थंडीने असतील.

स्वयंपाकघरात दोघंच असताना तो म्हणाला, “उद्या लोबुचे, परवा बेस कॅम्प. मंगळवारी माझं विमान आहे.”

“बेस कॅम्पला? तुला काय करायचंय तिथे?”

ओंगचूने चुलीत एक शेणी सरकवली. मग म्हणाला, “हसू नकोस. माझ्या गाडीत नाव लावलेलं असतं. शेर्पा. मागे बसलेला प्रत्येक माणूस ते वाचतो आणि विचारतो, तू किती वेळा चढलास? आधी मी खरं सांगायचो, की कधीच नाही. लोकांचं तोंड असं पडतं यांगझुम, जणू मी त्यांचा पत्ता चुकलो. मग मी सांगायला लागलो, शिखरावर नाही, पण बेस कॅम्पला खूपदा गेलोय. पंचवीस वर्षं सांगतोय. कोणी मुलांचे फोटो दाखवावेत तसे लोक मला स्वतःचे तिथले फोटो दाखवतात. आणि मी म्हणतो, हो, हो, हा दगड मला माहितीये.”

“मग चालू दे की. कोण तपासायला येतंय?”

“मलाच लाज वाटते आता. एकदा खरं करून घेतो. एक फोटो काढतो आणि परत येतो.”

यांगझुमला हसू आलं नाही. एवढा मोठा माणूस परक्या मुलखात रोज दहा वेळा खोटं बोलतो आणि रोज दहा वेळा त्याला ते खुपतं. तिने जास्त लसूण घालून त्याच्यासाठी सूप केलं, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या उंचीवरच्या गोळ्यांतली अर्धी गोळी चुरून त्यात टाकली. ओंगचूने दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सरकवली. “तिकडे राहून भूकच कमी झालीय,” म्हणाला.

संध्याकाळी परात आली. ओंगचूही पाहुण्यांमध्ये जाऊन बसला. यांगझुमने ठरवून पाठ फिरवली आणि कोबी चिरायला घेतला. पण तिचे डोळे गेलेच. ओंगचूच्या बोटांत बटाटा ठरत नव्हता. दोनदा तो सटकून मांडीवर पडला. साल गरासकट निघत होती. शेवटी त्याने अर्धवट सोललेला बटाटा सालीसकट तोंडात घातला.

“अमेरिकेत बटाटा सोलायलाही विसरलात का?” कोणीतरी म्हणालं.

“तिकडे सोललेलेच मिळतात,” ओंगचू म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

कोपऱ्यात छुल्दिम बसला होता. नवे दोन पाहुणे घेऊन तो त्याच दिवशी वर आला होता. त्याने हसता हसता यांगझुमकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाची बोटं अशी चालली असती तर यांगझुम एव्हाना उठली असती. ती उठली नाही. थोरला भाऊ, पंचवीस वर्षांनी आलेला, आणि घर माणसांनी भरलेलं. ‘दाजू, तुला उंची लागलीय’ हे शब्द तिच्या घशापर्यंत आले आणि तिने ते कोबीबरोबर चिरून टाकले. आजवर शेकडो परक्यांना तिने वाचवलं होतं आणि सख्ख्या भावाच्या वेळी ती कोबी चिरत राहिली. त्या रात्री तिला स्वतःची चीड आली.

सकाळी ओंगचूने चहा घेतला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि निघाला. यांगझुम अंगणातून बघत राहिली. गावाच्या वरच्या अंगाला मणी-भिंत आहे, मंत्र कोरलेल्या पाट्या रचून केलेली. वाट तिथे दुभंगते आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जाते. आपला माणूस नेहमी भिंत उजव्या हाताला ठेवूनच जातो. हे कोणी ठरवून करत नाही. इथल्या पोराला चालता येतं तेव्हाच पाय ते शिकतात. दारू पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा त्या बाजूने झोकांड्या खात जातो. याकांनासुद्धा ते कळतं.

ओंगचू भिंतीपाशी पोचला, क्षणभर थांबला, आणि चुकीच्या बाजूने गेला.

यांगझुमच्या हातातली बादली खाली आदळली. अमेरिकेत माणूस बटाटा सोलायला विसरेल, एकवेळ भाषाही विसरेल. पण पांगबोचेत जन्मलेल्याचे पाय हे विसरणार नाहीत. पाय आता त्याचे राहिले नव्हते.

तिने एप्रनही सोडला नाही. आत गेली, घरची छांग गाळून बाटली भरली, त्यातच तास मोडला, मग पितळी पेला घेतला, वर पांढरा खाता, मानाचा रेशमी शेला, गुंडाळला आणि निघाली. आमच्यात कोणाकडे काही मोठं मागायचं असलं, सोयरीक असो की बांधाचा तंटा असो, की रिकाम्या हाताने जात नाहीत. छांग घेऊन जातात. समोरच्याने पेला ओठाला लावला की मागाल ते नाकारणं त्याला जड जातं. यांगझुमचा सगळा भरवसा त्या बाटलीवर होता. पाहुण्यांनी वर दारूचा थेंब घेतला तरी त्यांना झाडणारी ही बाई, उंची लागलेल्या माणसाला छांग पाजायला धावत निघाली होती. पण एक घोट पुरे होता. पेला ओठाला लागला म्हणजे झालं.

थुक्लाच्या चहाच्या दुकानाशी तिने त्याला गाठलं. एरवी दोन तासांची ती वाट. ओंगचूला तीन तास लागले होते. वाटेत तो कितीदा बसला होता देव जाणे. आता तो दुकानाबाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता, काळा चष्मा डोळ्यांवर, तोंड शेगडीतल्या राखेच्या रंगाचं. समोर लोबुचेची उभी चढण. पलीकडच्या बाकावर छुल्दिम आणि त्याचे दोन पाहुणे लिंबाचा चहा पीत होते. आणखी पाच-सहा वाटाडे इकडेतिकडे होते. यांगझुमला एप्रनवर, धापा टाकत आलेली पाहून सगळ्यांच्या माना वळल्या.

तिने भावाच्या गळ्यात खाता घातला. पेला भरला, दोन्ही हातांनी पुढे धरला. “शे, दाजू. शे, शे.” घे, घे.

ओंगचूने पेल्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. हळूच हसला. “मी पंचवीस वर्षं बाहेर होतो म्हणून मला एवढंही कळत नाही होय? मी हे प्यालो की तू मागशील. काय मागशील तेही मला माहितीये. मी नाही पिणार.”

“बहिणीचा पेला परत पाठवतोस?”

“पाठवतो. मोठा भाऊ आहे तुझा.” त्याचे शब्द एकमेकांना चिकटत होते. “लोबुचेला आता दोनच तास राहिलेत. इथून परत गेलो तर हे सगळे काय म्हणतील? शेर्पा होता आणि थुक्लावरून पळाला. जा तू घरी.”

त्याने भिंतीला हात लावून उठायला सुरुवात केली.

यांगझुमने आजूबाजूला पाहिलं. वाटाडे बघत होते. छुल्दिम बघत होता. त्याचा पेला तोंडाशी थांबला होता. तिला जे बोलायचं होतं ते आता इथे सगळ्यांदेखत बोलता आलं असतं. छुल्दिमच्या पाहुण्याबद्दल बोलली होती तसं. ओंगचूने ऐकलं नसतं. उलट चिडून दुप्पट वेगाने त्या चढणीला लागला असता आणि वर डोंगरात मेलेल्यांची स्मारकं आहेत, त्यांच्यापाशीच पडला असता.

तिने छांगचा पेला स्वतःच्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग धपकन बाकावर बसली.

“आई गं,” ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिने डोकं धरलं. “दाजू, मला धर.”

“काय झालं?”

“डोकं फुटतंय माझं. सकाळपासूनच. घरात कोणाला बोलले नाही. डोळ्यांपुढे काळं येतंय.”

“छांग चढली असेल,” कोणीतरी म्हणालं.

“छांग नाही रे.” यांगझुमने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला उंची लागलीय.”

वाटाडे एकमेकांकडे बघायला लागले. मग छुल्दिम हसला. आधी थोडंसं, मग मांडीवर थाप मारून. “दिदीला! उंची!” त्याने इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं, तेही हसले. “दिदी, बटाटे सोलून बघितलेत का? आणू का दोन?”

“हस मेल्या,” यांगझुम म्हणाली. “दाजू, मी एकटी खाली नाही जाऊ शकत. पडेन कुठेतरी. मला फेरिचेला डॉक्टरकडे सोड.”

ओंगचू तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या गढूळ डोळ्यांत काय चाललं होतं ते यांगझुमला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही. त्याने एकदा वरच्या चढणीकडे पाहिलं.

“आजारी बहिणीला टाकून कसा जाऊ?” तो म्हणाला, तिला नाही, बाकीच्यांना उद्देशून. वाटाड्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे, तसं कोण जाईल?

त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि ती त्याच्या खांद्यावर रेलली. बघणाऱ्याला भाऊ बहिणीला नेतोय असंच दिसलं. पहिलं वळण ओलांडल्यावर यांगझुमने त्याच्या कमरेला हात घातला आणि त्याचं अर्धं वजन अंगावर घेतलं. ओढ्याशी तो गुडघ्यांवर बसून ओकला. तीही शेजारी बसून खोटंच ओकली. “तुझं काही खरं नाही,” ओंगचू तोंड पुसत म्हणाला. “हो ना,” ती म्हणाली आणि त्याला उठवलं. ती दीड तासांची वाट त्यांना चार तास पुरली. शेवटच्या सपाटीवर तो तिथे नसलेल्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होता, कुठे सोडू म्हणून विचारत होता, आणि यांगझुम उघड रडत होती.

फेरिचेच्या डॉक्टरबाई यांगझुमला चांगल्या ओळखत होत्या. तिनेच धाडलेले किती जण त्यांनी बरे केले होते. “पेशंट कोण?” त्यांनी विचारलं.

“माझी बहीण,” ओंगचू म्हणाला.

त्यांनी यांगझुमच्या बोटाला चिमटा लावला. एक्याण्णव. मग ओंगचूच्या बोटाला लावला. चोपन्न. त्यांनी यांगझुमकडे पाहिलं. यांगझुमने डोळ्यांनीच विनवलं. बाई शहाण्या होत्या. त्यांनी ओंगचूला खाटेवर आडवं केलं, त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला, दंडात सुई दिली आणि म्हणाल्या, “बहिणीला आणता आणता तुम्ही फार दमलात.”

“हो,” मुखवट्याच्या आतून ओंगचू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला पांगबोचेला उतरवलं. तिथे दोन दिवसांत तो सावरला, तिसऱ्या दिवशी मिरचीबरोबर परातभर बटाटे खाल्ले. निघताना यांगझुमला म्हणाला, “बरं झालं मी त्या दिवशी तिथे होतो.” ती म्हणाली, “हो, बरं झालं.” पुढे क्वीन्समधल्या आपल्या माणसांना त्याने बहिणीला खाली आणल्याची हकिकत सांगितली, आणि ती फिरून इथे परत आली तेव्हा त्यात त्याने तिला पाठुंगळी घेतलं होतं. त्याला खरं माहीत होतं की नाही, हे कोण सांगणार? यांगझुमला ते ऐकून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा? भाऊ जिवंत होता आणि फोनवर हसत होता, हे तिला पुरेसं होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

कारण किंमत तीच मोजत होती. त्या हंगामात परात मध्ये ठेवली की वाटाडे म्हणायचे, “आधी तुम्ही सोला, दिदी.” ती कोणाला खाली जा म्हणाली, की छुल्दिम म्हणायचा, “अनुभवाचे बोल आहेत, ऐका बाबांनो.” दोघातिघांनी ऐकलं नाही. त्यातल्या एका बाईला लोबुचेहून हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. नवरासुद्धा याकांकडून आला तो विचारत, “लोक काय म्हणताहेत?” यांगझुमने त्यालाही खरं सांगितलं नाही. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही हे तिला माहीत होतं. त्याला सांगितलं की गावाला कळणार आणि गावाला कळलं की समुद्रापलीकडे कळणार.

एप्रिलमध्ये छुल्दिम पुन्हा वर आला, सात पाहुण्यांचा मोठा गट घेऊन. काठमांडूत बायकोचं बाळंतपण उरकून तो थेट विमानाने आला होता आणि गटाला गाठायला दोन मुक्काम गाळले होते. दुपारी पाहुणे उन्हात बसले असताना तो स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं.

“दिदी, एक विचारू? हसायचं नाही.”

“सहा महिने तू हसलास. मी कशाला हसू?”

तो जमिनीकडे बघत होता. “त्या दिवशी थुक्लाला. तुमचं डोकं नेमकं कुठे दुखत होतं?”

यांगझुमच्या हातात पळी होती. जन्मात तिचं डोकं उंचीने दुखलं नव्हतं. इथे खरं सांगून टाकावं, या छुल्दिमचंच तोंड एकदाचं बंद करावं, असं तिच्या मनात आलं. मग तिने त्याच्या जांभळट ओठांकडे पाहिलं.

“मागे,” ती म्हणाली. “मानेच्या वर. खाली वाकलं की आतून कोणी डोळे ढकलतंय असं. आणि पाय आपले नसल्यासारखे.”

“दगड दिसतो, पण पाय भलतीकडेच पडतो?”

“हो. तसंच.”

छुल्दिम चुलीशेजारी खाली बसला. “मला कालपासून तसंच होतंय,” तो म्हणाला. “बायकोलाही फोनवर बोललो नाही. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांदेखत बोललात म्हणून तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कोणाकडे गेलो नसतो.”

यांगझुमने पळी खाली ठेवली, चुलीवरचं पातेलं उतरवलं. “ऊठ. आत्ताच निघू. मी येते तुझ्याबरोबर.”

“पण बाहेर सात माणसं आहेत, दिदी. खालची पोरं आहेत माझ्या हाताखाली. त्यांना काय सांगू?”

“सांग, दिदीला पुन्हा उंची लागलीय. तिला फेरिचेला सोडून येतो.”

असं म्हणून तिने त्याला उठवलं, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि त्याच्या खांद्यावर रेलली. छुल्दिमने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर दुखण्याची खूणही नव्हती, आणि मग त्याला थुक्लाच्या बाकावर राखेसारखं तोंड करून बसलेला ओंगचू आठवला.